खोटं खातं बंद करूनही पुन्हा निघतंय? आधी गळती शोधा

सकाळी साडेसातला चुलतभावाचा फोन येतो. ‘आत्याने मला फेसबुकवर परत रिक्वेस्ट कशाला पाठवली गं? मी तर आधीपासूनच आहे तिच्या लिस्टमध्ये.’ दहा मिनिटांत गावाकडून कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं. तोच फोटो, तेच नाव, तीच शाळा. खाली मेसेज असतो, ‘कसा आहेस? गुगल पे चालू आहे का? जरा पैसे हवे होते, संध्याकाळी परत करते.’ मग सगळं घर रिपोर्ट करायला लागतं, दुपारपर्यंत ते खातं नाहीसं होतं आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. तीन महिन्यांनी परत तोच फोन.

माझी आत्या कराडची, निवृत्त शिक्षिका. तिच्या नावाने सहा महिन्यांत तीनदा खोटी खाती निघाली. पहिलं गौरी-गणपतीच्या आधी, दुसरं दिवाळीनंतर, तिसरं फेब्रुवारीत. तिच्या साडेसहाशे फेसबुक मित्रांपैकी अर्ध्याहून जास्त जुने विद्यार्थी आहेत. दुसऱ्या वेळी त्यांतल्या एकाने आठ हजार रुपये पाठवून दिले. नंतर तो म्हणाला, ‘बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, नाही कसं म्हणू?’ आत्याने ते पैसे पेन्शनमधून त्याला परत केले, तो नको नको म्हणत असताना. तिला पैशांपेक्षा लागलं ते हे, की कोणीतरी तिच्या तोंडून उसने मागितले.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला. नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांची खाती एकेक करून तपासली. एक गोष्ट पक्की कळली. रिपोर्टने खोटं खातं जातं, पण ज्या माहितीवर ते उभं राहिलं ती उघडीच राहते. शेतात हरळी वरवर खुरपली तर पहिल्या पावसाला परत उगवते, जमिनीखालच्या काशा, म्हणजे तिची मुळं, वेचाव्याच लागतात. इथली काशी म्हणजे तुमच्या माणसांची यादी.

खातं हॅक झालंय की नक्कल झालीय?

पहिल्या वेळी आम्ही सगळे चुकलो. आत्याने भिंतीवर लिहिलं, ‘माझं अकाउंट हॅक झालं आहे’, आम्ही तिचा पासवर्ड बदलला आणि निश्चिंत झालो. पण तिच्या खात्यात कोणी शिरलंच नव्हतं. रस्त्यावरून दिसणारी माहिती उचलून कोणीतरी शेजारी दुसरं दुकान थाटलं होतं. आपल्या दुकानाचं कुलूप बदलून त्याला काही होत नाही.

फरक ओळखणं सोपं आहे. लोकांना आलेला मेसेज तुमच्या स्वतःच्या मेसेंजरमध्ये, पाठवलेल्या मेसेजांत दिसतोय का ते पाहा. मग सेटिंग्जमधल्या ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’त जा. तिथे खातं कुठल्या कुठल्या फोनवर आणि कुठल्या गावात उघडं आहे ते दिसतं. अनोळखी फोन दिसला, किंवा न पाठवलेले मेसेज तुमच्याच खात्यातून गेलेले दिसले, तर तो हॅकचा प्रकार. अशा वेळी फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड या पानावरून सुरुवात करा, सगळ्या फोनवरून लॉगआउट करा, पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

यातलं काहीच नसेल आणि लोकांना नवीन रिक्वेस्ट येत असेल, तर ती नक्कल. पैसे मागणाऱ्या खोट्या खात्यांची जी प्रकरणं माझ्याकडे आली, त्यांतली बहुतेक या जातीची होती. पुढचं सगळं नकलेबद्दल आहे.

खोटं खातं चालू असताना

घाईत आधी रिपोर्ट करू नका. आधी पुरावा घ्या. ज्याला रिक्वेस्ट आली त्याच्या फोनवर खोटं प्रोफाइल उघडायचं, तीन टिंबांवर जाऊन प्रोफाइलची लिंक कॉपी करायची, प्रोफाइलचा आणि मेसेजांचा स्क्रीनशॉट घ्यायचा. पैसे कुठे पाठवायला सांगितलं तो यूपीआय आयडी, मोबाइल नंबर किंवा क्यूआर कोडही त्यात असू द्या. लिंक महत्त्वाची अशासाठी की नाव आणि फोटो भामटा पाच मिनिटांत बदलू शकतो. मग तेच खातं उद्या दुसऱ्याच कोणाचं होऊन फिरतं आणि ‘अमुक नावाचं खातं’ एवढ्याच तक्रारीला काही अर्थ उरत नाही.

इथे एक गोष्ट फार जणांना गोंधळात टाकते. तुम्ही स्वतः शोधता तेव्हा खोटं खातं दिसतच नाही आणि वाटतं, गेलं वाटतं. गेलेलं नसतं. भामटा बहुधा सगळ्यात आधी खऱ्या माणसाला ब्लॉक करतो. आत्या तिच्या फोनवर शोधत होती आणि ‘कुठे आहे, मला तर काहीच दिसत नाही’ म्हणत होती. त्याच वेळी माझ्या फोनवर ते खातं तिचाच हसरा फोटो लावून चालू होतं. म्हणून रिपोर्ट दुसऱ्याच्या फोनवरून करावा लागतो. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून ‘रिपोर्ट प्रोफाइल’, मग खोटं प्रोफाइल किंवा दुसऱ्याचं सोंग घेतल्याचा पर्याय, मग कोणाचं सोंग ते विचारतात तिथे ‘अ फ्रेंड’ निवडून खऱ्या व्यक्तीचं खातं दाखवायचं. या शेवटच्या पायरीवर बरेच जण नुसतं ‘स्पॅम’ निवडून मोकळे होतात. तसं करू नका. तक्रार कोणाच्या सोंगाची आहे हे कळल्याशिवाय तुलना करायला समोर दुसरं खातंच नसतं. अ‍ॅपच्या आवृत्तीनुसार शब्द थोडे इकडेतिकडे होतात, क्रम साधारण हाच.

रिपोर्ट होईपर्यंत माणसांना सावध करायचं काम व्हॉट्सअ‍ॅपवर करा. आत्याने नातेवाइकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर असा होता: ‘माझ्या नावाने नवीन रिक्वेस्ट आली असेल तर ती मी नाही, स्वीकारू नका. स्वीकारली असेल तर काढून टाका आणि मला फोन करून सांगा. मी मेसेजवर कधीही पैसे मागणार नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. पुढच्या वेळीही ते लोकांच्या लक्षात राहतं.

पैसे गेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी १९३० वर फोन करा. पैसे ज्याचे गेले त्यानेच करावा. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी हा देशभराचा क्रमांक आहे. पैसे भामट्याच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तिथेच रोखता यावेत म्हणून तो काढलेला आहे. त्यामुळे पहिला तास-दोन तास सोन्यासारखे. फोन करताना रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करा. आमच्या विद्यार्थ्याने संकोचापोटी दोन दिवस कोणाला सांगितलंच नाही. ‘बाईंना काय वाटेल’ या विचारात ते दोन दिवस गेले, आणि पैसेही. ज्याची फसवणूक झाली त्याला घरातल्या कोणीही वेडा म्हणू नये असं मला फार वाटतं. माणसं अशा बोलण्याला घाबरूनच गप्प बसतात.

आणखी एक सावधगिरी. ‘माझ्या नावाने खोटं खातं’ असं तुम्ही उघड पोस्टमध्ये लिहिलं की खाली कोणी अनोळखी येऊन अमुक माणसाला इन्स्टाग्रामवर मेसेज करा, तो खातं बंद करून देतो, असं सांगतो. हाही फसवणुकीचाच धंदा आहे. एक रुपयाही देऊ नका.

रिक्वेस्ट कोणाकोणाला गेली, त्यांची यादी करा

ही पायरी मला कुठेच लिहिलेली सापडली नव्हती. दुसऱ्या वेळी आम्ही ती चिडून, वहीत लिहून केली, आणि गळती त्यातूनच कळली.

खोटं खातं बनवणारा काही जादूगार नसतो. त्याला दोनच गोष्टी लागतात, तुमचा फोटो आणि तुमच्यावर विश्वास असलेल्या माणसांची नावं. फोटो तर कुठेही मिळतो. नावं कुठून मिळाली हे शोधायचं असेल, तर ज्यांना रिक्वेस्ट आली त्यांच्या नावांकडे पाहायचं. ग्रुपवर विचारा, ‘कोणाकोणाला आली?’ आलेली नावं एका कागदावर लिहा आणि त्यांच्यात काय समान आहे ते बघा.

सगळी नावं तुमच्या फ्रेंड लिस्टमधली, कुठूनही कशीही उचललेली असतील, म्हणजे नातेवाईकही, शेजारीही, ऑफिसातलेही, तर लिस्ट उघडी आहे. नावं पाच-पंचवीसच असतील आणि त्या सगळ्यांनी तुमच्या एकाच फोटोला लाइक किंवा कमेंट दिलेली असेल, तर गळती त्या फोटोत आहे. सगळे एकाच नात्यातले किंवा एकाच बॅचचे असतील, तर त्या गटातल्या कोणाचं तरी खातं उघडं असू शकतं. आणि यादीत तुमच्या मित्रांत नसलेली नावं दिसली, तर गळती तुमच्या घरात नाहीच, शेजारच्या भिंतीत आहे. हा शेवटचा प्रकार आमच्याकडे तिसऱ्या वेळी निघाला. त्याबद्दल पुढे सांगते.

दुसऱ्या वेळी बावीस जणांनी ‘मला आली’ म्हणून कळवलं. त्यांतल्या सतरा जणांनी आत्याच्या कव्हर फोटोवर कमेंट केली होती. फोटो घरच्या गणपतीच्या आराशीचा होता. कव्हर फोटो लावला की तो सगळ्यांना दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. खाली ‘काकू, आरास सुरेख!’, ‘वहिनी, मखर कोणी केलं?’, ‘बाई, नमस्कार’ अशा कमेंटी. म्हणजे नावांच्या बरोबर नातंही मिळालं. खोट्या खात्याने पुतण्याशी बोलताना ‘काकू’ म्हणून आणि विद्यार्थ्यांशी बोलताना ‘बाई’ म्हणून बोलणं केलं, ते का जमलं, याचं उत्तर त्या कमेंटींत होतं. आपल्या भाषेत नात्याशिवाय हाक मारत नाहीत. तो गोडवा जपायचाच आहे, पण तो उघड्या फोटोखाली असला की परक्याला आयता वंशवृक्ष मिळतो.

लिस्ट आणि जुने फोटो बंद करताना

फ्रेंड लिस्टची सेटिंग ‘सेटिंग्ज अँड प्रायव्हसी’मध्ये, ‘हाऊ पीपल फाइंड अँड कॉन्टॅक्ट यू’ या भागात असते. तिथे ‘तुमची फ्रेंड लिस्ट कोण पाहू शकतं’ या प्रश्नाला ‘फ्रेंड्स’ नव्हे, ‘ओन्ली मी’ निवडा. ‘फ्रेंड्स’ ठेवलं आणि पूर्वी कधी एखादी अनोळखी रिक्वेस्ट स्वीकारलेली असेल, तर तो आतूनच यादी वाचतो. आत्याच्या लिस्टमध्ये अशी नऊ खाती निघाली, ना फोटोची ओळख ना गावाची. ‘असेल एखादा विद्यार्थी, मला आठवत नसेल’ म्हणून तिने घेतली होती. शिक्षक, डॉक्टर, सरपंच, कीर्तनकार, ज्यांना हजारो माणसं ओळखतात पण जे सगळ्यांना ओळखत नाहीत, त्यांची ही अडचण खरी आहे. आम्ही एक रीत ठरवली. ओळख पटत नसेल तर आधी मेसेजवर विचारायचं, ‘कुठली बॅच? वर्गात खिडकीबाहेर कुठलं झाड होतं?’ खऱ्या विद्यार्थ्याला ते झाड आठवतं आणि आवडीने सांगतो.

‘ओन्ली मी’ केल्यावरही दोघांचे सामाईक मित्र दिसत राहतात, ते बंद करता येत नाही. शिवाय तुमच्या भावाची लिस्ट उघडी असेल तर त्याच्या यादीत तुमचं नाव दिसतंच. म्हणून ही सेटिंग एकट्याने करून भागत नाही. आम्ही एका रविवारी जेवण झाल्यावर घरातल्या आठ जणांचे फोन टेबलावर ठेवले आणि एकेकाची सेटिंग ओळीने बदलली. अर्धा तास लागला.

त्यानंतर जुन्या पोस्ट. ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ नावाचा पर्याय एका झटक्यात तुमच्या सगळ्या जुन्या उघड्या पोस्ट फक्त मित्रांपुरत्या करतो. यात मागे फिरायची सोय नाही, एकेक पोस्ट हाताने उघडी करावी लागते. तरी करा. मात्र दुसऱ्यांच्या उघड्या पोस्टवर तुम्ही केलेल्या कमेंटी आणि सार्वजनिक ग्रुपमधलं लिखाण याने झाकलं जात नाही. ते ‘अ‍ॅक्टिव्हिटी लॉग’मधून स्वतः शोधावं लागतं. खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर ‘हा घ्या माझा नंबर’ म्हणून टाकलेला मोबाइल क्रमांक तिथे वर्षानुवर्षे पडून असतो.

भारतात २०२० च्या मे महिन्यापासून प्रोफाइलला कुलूप लावायची सोय आहे. कुलूप लावलं की मित्र नसलेल्यांना प्रोफाइल फोटो आणि कव्हर फोटो पूर्ण आकारात दिसत नाहीत, पोस्ट दिसत नाहीत. घरातल्या ज्येष्ठांसाठी मला ही सगळ्यात सोपी आणि चांगली सोय वाटते. पण कुलूप लावलं म्हणून फ्रेंड लिस्टची सेटिंग तपासायची राहू देऊ नका, ती वेगळी आहे. हे कुलूप प्रत्येक देशात मिळत नाही. तुमची मुलं परदेशात असतील तर त्यांना वरच्या गोष्टी हातानेच कराव्या लागतील.

फोन नंबरवरून तुम्हाला कोण शोधू शकतं ही सेटिंगही त्याच भागात आहे, तीही ‘ओन्ली मी’ करा. एप्रिल २०२१ मध्ये १०६ देशांतल्या ५३ कोटींहून जास्त फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती, फोन नंबरांसकट, इंटरनेटवर फुकट पडलेली सापडली. भारतातले सुमारे ६० लाख लोक त्यात होते. ती माहिती फोनमधले संपर्क जुळवून देणाऱ्या सोयीचा गैरवापर करून खरवडलेली होती. ती गळती २०१९ मध्येच बुजवली गेली, पण बाहेर गेलेला नंबर आत येत नाही. म्हणून ‘माझा नंबर कुठेच दिलेला नाही’ या भरवशावर राहू नये.

जाता जाता लग्नाच्या बायोडाट्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तो आपण स्वतःच्या हाताने वाटतो. जन्मतारीख, जन्मवेळ, पगार, घराचा पत्ता, वडिलांचा मोबाइल, आणि ‘मामांचे नाव व गाव’. मामाचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. बँका ओळख पटवण्यासाठी विचारत आल्या तो हाच प्रश्न. मुलीचा फोटो आणि हे सगळं एका पानावर, आणि ते पान कोणाकोणाच्या ग्रुपवर फिरतंय याचा पत्ता नाही. पहिल्या पाठवणीत फोटो, शिक्षण, नोकरीचं क्षेत्र आणि एक संपर्क क्रमांक पुरतो. बाकीचं समोरच्या घराशी बोलणं झाल्यावर द्यावं. स्थळ चांगलं असेल तर तेवढ्याने अडत नाही.

सगळं झालं की पडताळा घ्या. आपल्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत ‘व्ह्यू अ‍ॅज’ असतं, त्यात परक्या माणसाला तुमचं पान कसं दिसतं ते कळतं. मी तेवढ्यावर थांबत नाही. फेसबुकवर जो मित्र नाही अशा कोणाच्या तरी फोनवरून बघते. दोन्हीकडे एकसारखं दिसलं तरच काम झालं म्हणते.

आणि हो, ‘मी फेसबुकला माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही, हा मजकूर कॉपी करून भिंतीवर टाका’ अशी पोस्ट दर वर्षी फिरते. तिने काहीही होत नाही. फेसबुकला परवानगी खातं उघडताना मान्य केलेल्या अटींतून मिळते, आणि फोटो कोणाला दिसतात ते सेटिंगमधून ठरतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचा डीपी लावून

हाच प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून होतो. तुमचा डीपी, आणि ‘हा माझा नवीन नंबर आहे’. इथे उपाय थोडक्यात आहे. प्रायव्हसीमध्ये प्रोफाइल फोटो ‘माय कॉन्टॅक्ट्स’पुरता करा, आणि ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तेही तसंच करा. दुसऱ्या कोणाला तुमचं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोनवर चालू करता येऊ नये म्हणून सहा आकडी पिनची दोन टप्प्यांची पडताळणी लावा. असा मेसेज आला आणि पैसे गेले नसतील, तर तो नंबर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरच्या ‘चक्षु’मध्ये कळवा. पैसे गेले असतील तर पुन्हा १९३०.

एक जुना नमुना अजून चालतो तो ओळखून ठेवा. ‘माझा मित्र सीआरपीएफमध्ये आहे, त्याची बदली झालीय, घरचं फर्निचर आणि फ्रिज स्वस्तात काढायचाय, तुझा नंबर देऊ का?’ जिल्हाधिकारी आणि पोलीस अधिकारी यांच्या नावाच्या खोट्या खात्यांवरून हा मेसेज अनेकांना गेलेला आहे. वर्दीचं नाव ऐकलं की आपण प्रश्न विचारत नाही, हे त्यांना माहीत आहे.

रिपोर्ट फेटाळला गेला तर

पहिल्या रिपोर्टला नकार आला तरी सोडू नका. मोठ्या समाजमाध्यमांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. २०२१ साली माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आले तेव्हा त्यात दुसऱ्याचं सोंग घेतल्याच्या तक्रारीवर २४ तासांच्या आत पावलं उचलण्याचं बंधन घातलं गेलं. ही तक्रार ज्याची नक्कल झाली त्याने स्वतः, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने, करायची असते. तिथेही समाधान झालं नाही तर तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. ती समिती २०२३ पासून काम करते.

पोलिसांकडे जाताना लिंक आणि स्क्रीनशॉट छापून न्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६ क दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल आहे आणि ६६ ड संगणकाच्या मदतीने सोंग घेऊन फसवण्याबद्दल. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ‘पैसे गेले नाहीत ना, मग कशाला तक्रार’ असं कोणी म्हटलं तर ६६ क लक्षात ठेवा. ओळख चोरणं हाच गुन्हा आहे.

तिसऱ्या वेळी

आत्याची लिस्ट बंद, प्रोफाइलला कुलूप, ती नऊ खाती काढलेली. तरी फेब्रुवारीत खोटं खातं निघालं. आम्ही पुन्हा वही काढली. या वेळी चौदा नावं आली आणि त्यांतल्या पाच जणांशी आत्याची फेसबुकवर मैत्रीच नव्हती. ते पाचही जण काकांचे, म्हणजे आत्याच्या यजमानांचे, पाटबंधारे खात्यातले सहकारी होते.

काका चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचं खातं तसंच राहिलं होतं, कुलूप नाही, लिस्ट उघडी, फोटो उघडे. आत्याच्या एकसष्टीचे, कोयनेच्या सहलीचे, नातवाच्या बारशाचे, सगळ्यांवर आत्या टॅग केलेली. नव्या खोट्या खात्यावरचा फोटो त्यातलाच होता. तो फोटो आत्याने स्वतः कधी टाकलाच नव्हता, म्हणून ‘हा कुठून मिळाला’ हे आम्हाला कळत नव्हतं.

अशा खात्याचं काय करता येतं ते नीट सांगते, कारण हा प्रश्न पुष्कळ घरांत आहे. गेलेल्या माणसाच्या खात्याला स्मरण-खातं करून घेता येतं, मग नावाआधी तशी नोंद येते आणि त्यात कोणालाही लॉगिन करता येत नाही. पण त्याने फोटो झाकले जात नाहीत. पूर्वी जे सगळ्यांना दिसत होतं ते तसंच सगळ्यांना दिसत राहतं. आमचा प्रश्न त्याने सुटला नसता. दुसरा मार्ग म्हणजे जवळच्या नातेवाइकाने मृत्यूचा दाखला देऊन खातं कायमचं काढून टाकायची विनंती करायची. आणि दोन्ही न करता आत्याच्या हातात एवढंच होतं की तिने स्वतःचे टॅग काढावेत आणि स्वतःच्या कमेंटी पुसाव्यात.

आधी आम्ही टॅग काढले. एकशे चाळीसच्या आसपास होते, दोन संध्याकाळी लागल्या. आत्या प्रत्येक फोटो मोठा करून बघायची आणि मगच ‘हं, काढ’ म्हणायची. खातं काढायचं का, हे आम्ही तिला विचारलं नाही. तिने आठ दिवसांनी आपणहून विषय काढला. म्हणाली, ‘त्यांचे फोटो परक्याच्या हातात पडायला नकोत. पण मला ते सगळे हवेत.’

मग सगळे फोटो एकेक करून उतरवून घेतले, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक माझ्याकडे. काकांचे सहकारी त्यांच्याबद्दल लिहून गेले होते त्या कमेंटींचे स्क्रीनशॉट काढले, ते आत्याच्या लक्षातही आलं नसतं, पण नंतर तिने तेच जास्त वाचले. निवडलेले साठ फोटो कराडच्या स्टुडिओतून छापून आणले. मृत्यूचा दाखला जोडून विनंती पाठवली आणि खातं निघालं.

तुमच्याकडेही असं एखादं खातं असेल तर क्रम हाच ठेवा. आधी फोटो आणि कमेंटी उतरवा, मग टॅग, मग घरातल्या सगळ्यांना विचारून शेवटची विनंती. एकदा गेलेलं खातं परत येत नाही.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी माझ्या नवऱ्याच्या फोनवरून आत्याचं नाव शोधते. तो तिच्या लिस्टमध्ये नाही, म्हणून त्याचाच फोन.